पिवळा रविवार

ऑगस्ट अर्धा सरला, हिवाळा उतरायला लागला, की नेरिडाच्या पायाला भिंगरी लागायची. गेली तीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण भिंगरी लागली की ती सरळ निघायची. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर ती स्वयंपाकीण म्हणून हिंडलेली बाई. उत्तरेकडच्या शेडपासून सुरुवात करायची आणि कातरणीच्या मागेमागे दक्षिणेकडे सरकत यायचं. आज इथे चूल, तर आठवड्याने भलत्याच जिल्ह्यात. वाटेत एखाद्या झाडाला कळी दिसायची, पण त्या कळीचं फूल झालेलं काही तिने कधी पाहिलं नाही. तोवर तिचं चाकांवरचं घर, तिची कॅराव्हॅन, पुढच्या गावाला पोचलेली असायची.

यंदा मात्र ऑगस्टमध्ये ती एका जागी होती. गिप्सलँडच्या डोंगरात, मेरिगाल गावाच्या वरच्या अंगाला, क्लेम हार्टिगनच्या घरी. जमिनीचा लहानसा तुकडा, थोड्या मेंढ्या, चार गाई, पत्र्याच्या छपराचं घर आणि उताराच्या तळाशी ओढा. क्लेम तिला एका शेडमध्येच भेटला होता. मेंढ्या हाकायला माणूस कमी पडला म्हणून तो काही दिवसांपुरता आला होता. जेवताना कधी अवाक्षर बोलला नाही, पण शेवटच्या दिवशी तिच्या शेजारी उभा राहून सगळी भांडी घासून गेला. मग फोन सुरू झाले, मग भेटी झाल्या. एप्रिलमध्ये ती “हिवाळा काढून बघते” असं म्हणत कॅराव्हॅनसकट त्याच्या दारात येऊन उभी राहिली. ती छप्पन्नची, तो साठी ओलांडलेला. हिवाळ्याचं ठरलं होतं. त्यापुढचं कुणी काही बोललं नव्हतं.

हिवाळा बरा गेला. स्वयंपाकघरातली लाकडाची शेगडी दिवसभर पेटती असायची. संध्याकाळी दोघं पत्ते खेळायची, क्लेम हरायचा आणि हरला की लाकडं आणायला बाहेर जायचा. त्याच्या बायकोला, आयरीनला, जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा पावसाळी कोट अजून मागच्या दाराच्या खुंटीवर होता. नेरिडाच तो अंगावर चढवून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. कोट तो कोट.

मग पश्चिमेचा वारा सुटला. छपराचा एक पत्रा रात्रंदिवस खडखडायला लागला. ओढ्याकाठची वॅटलची झाडं दोन दिवसांत पिवळीधमक झाली आणि त्यांचा पिवळा भुगा उडून खिडक्यांच्या चौकटीत साठला. मेंढ्या व्यायला लागल्या. निलगिरीच्या उंच फांदीवर घरटं केलेल्या मॅगपाय पक्ष्याने येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालायला सुरुवात केली. त्यातही त्याने नेरिडाला नेमकं हेरलेलं. कपडे वाळत घालायला ती डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा उपडा घालून जायला लागली. घरात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा करायची आणि प्यायला विसरायची. एकदा तिने कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं आणि संध्याकाळी परत होतं तिथे आणलं. क्लेमने दोन्ही वेळा मुकाट्याने हात लावला.

आणि तशात ते कोंब वर आले.

आधी पाण्याच्या टाकीशेजारी दिसले. मे महिन्यात तिने तिथेच वाटाण्यासाठी वाफा खणायला घेतला होता, तेव्हा क्लेम धावत आला होता. “तिथे नको. पलीकडे खण.” जमिनीखालून नळ गेला असेल अशी तिने समजूत करून घेतली होती. आता त्याच जागी बोटाएवढे हिरवे कोंब दाटीने उभे होते. आठवडाभरात ते सगळीकडे झाले. फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना, सफरचंदाच्या झाडांखाली, कुंपणाच्या कडेने, खाली ओढ्यापर्यंत. कुणी चालता चालता मूठ मूठ उधळत जावं तसे. मग एका सकाळी भांडी घासताना तिने खिडकीतून पाहिलं, तर टाकीशेजारी पहिलं पिवळं फूल वाऱ्यात मान हलवत होतं.

“काय रे हे?” तिने विचारलं.

क्लेम दाराशी बसून बुटाचे बंद बांधत होता. “डॅफोडिल.”

“ते दिसतंय मला. लावली कुणी एवढी?”

“जुनीच आहेत,” असं म्हणून तो उठला. “खालच्या कुरणात एक मेंढी अडलीय बहुतेक. बघून येतो.”

जुनीच म्हणजे कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नेरिडा हात पुसत खिडकीशी उभी राहिली. खुंटीवरचा कोट घालावा की न घालावा हे आपल्या हातात असतं. पण हे जमिनीतून वर येत होतं, रोज कालच्यापेक्षा जास्त, आणि आपण कुठेही पाऊल टाकलं तरी ते आयरीनच्या फुलांवर पडणार असं तिला वाटायला लागलं. हिवाळाभर जी जागा मोकळी वाटली होती, ती मुळात मोकळी नव्हतीच. फक्त झोपलेली होती.

त्या दुपारी तिने शेडमागची कॅराव्हॅन उघडली. गाद्या वाऱ्यावर टाकल्या, कोळिष्टकं काढली, बाहेरून साबणाने धुतली, जोडाच्या दांड्याला वंगण लावलं. निघायचं असं काही ठरवलं नव्हतं. हात रिकामे राहवत नव्हते, एवढंच. क्लेम ट्रॅक्टरवरून जाताना एकदा थांबला, बघितलं आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी ती तिथे गेली, तर कॅराव्हॅनचं हिवाळाभर बसलेलं एक चाक टणक झालेलं. पंप अजून शेजारीच पडला होता.

क्लेमचंच काम. हवा भरून दिली म्हणजे काय? जा, असंच ना? तोंडाने सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

गुरुवारी डॉट आली. डॉट पास्को म्हणजे खालच्या वळणावरची शेजारीण, ऐंशीच्या घरातली, पण अजून स्वतः जीप चालवणारी आणि सबंध मेरिगालची खबर ठेवणारी. आल्या आल्या तिने ओसरीवरच्या खुर्च्या मोजल्या.

“एवढ्याने भागायचं नाही. सभागृहातून बाकं आणायला सांगते. चहाची मोठी किटली तुझ्याकडे आहे का, की माझी आणू?”

“कशाला?” नेरिडाने विचारलं.

“रविवारला गं.”

“रविवारी काय आहे?”

डॉटने चष्मा कपाळावर चढवला. “क्लेमने सांगितलं नाही तुला? अरे देवा. सांगायचा नाही म्हणा तो. त्याच्या घराला आग लागली ना, तर धूर दिसेलच लोकांना, म्हणून गप्प बसेल.” तिने एक खुर्ची ओढून घेतली. “पिवळा रविवार, पोरी. सप्टेंबरचा पहिला रविवार. दरसाल सगळं गाव इथे फुलं बघायला येतं. येताना प्रत्येकजण काहीतरी खायला आणतो, पोरं ओढ्यात भिजतात, हिवाळा संपला असं आम्ही त्या दिवशी मानतो. आयरीन गेल्यापासून मीच सगळं बघते. यंदा म्हटलं, घरात बाई आहे, बोलावणं तिच्याकडून येईल. आठवडाभर वाट बघितली. शेवटी आले आपली.”

“मला माहीतच नव्हतं, तर बोलावणार कशी?”

“तेही खरंच,” डॉट म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, “तू असशील ना रविवारी? तुझी कॅराव्हॅन धुतलेली दिसली रस्त्यावरून.”

नेरिडा किटली शोधायला आत गेली. डॉटने दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

क्लेम वरच्या कुंपणाशी तारा ताणत होता. नेरिडा चढ चढून गेली ती धापा टाकतच. त्याने न विचारता तारेचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि तिनेही सवयीने ते धरलं.

“रविवारी गाव येणार आहे म्हणे.”

“हं. येतात.”

“मला कधी सांगणार होतास? सोमवारी?”

क्लेमने पकडीने तार पिळली, जास्तीचा तुकडा तोडून खिशात टाकला. “मला वाटलं, तोवर तू गेलेली असशील.”

वाऱ्यात तार गुणगुणत होती. नेरिडाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “कुणी सांगितलं तुला मी चालले म्हणून?”

“कॅराव्हॅन धुतलीस.”

“म्हणून चाकात हवा भरलीस?”

तो तार पिळतच राहिला. मूग गिळून बसण्यात त्या माणसाचा हात कुणी धरला नसता. तिने तारेचं टोक सोडून दिलं. ते सळसळत मागे गेलं आणि त्याला सगळं पहिल्यापासून ताणावं लागलं. ते बघायला ती थांबली नाही.

शुक्रवारी दिवसभर तिने भाजलं. राग आला की तिचे हात पिठात जायचे. फळांचे दोन मोठे केक झाले, बिस्किटं झाली, मटणाचे पॅटिस झाले. शनिवारी सकाळी तिने कॅराव्हॅन पिकअपला जोडली आणि क्लेमला सांगितलं, “निघते मी. टेबलावर सगळं झाकून ठेवलंय. उद्याचं निभेल.”

क्लेमचा चेहरा पत्र्यासारखा कोरा होता. “बरं,” तो म्हणाला. मग फाटक उघडायला पुढे गेला आणि ती बाहेर पडेपर्यंत ते धरून उभा राहिला. दोन्ही बाजूंना फुलं वाऱ्याने जमिनीला टेकत होती. तिने मुद्दाम समोर बघितलं.

ओढ्यावरचा लाकडी पूल एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. ती पुलाच्या मध्यावर पोचली आणि समोरून एक छोटी लाल गाडी पुलावर चढली. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून थांबल्या. लाल गाडीतून ब्रॉनविन उतरली.

ब्रॉनविन क्लेमची एकुलती मुलगी. सेल नावाच्या शहरात दवाखान्यात नोकरी करायची, तिशी उलटलेली. जूनमध्ये ती एकदाच आली होती, तेव्हा तिने चहा घेतला, आभार मानले आणि उजेड असतानाच परत गेली होती.

“कुठे निघालात?” तिने विचारलं.

“पीठ आणायला,” नेरिडाच्या तोंडून निघून गेलं.

ब्रॉनविनने तिच्या मागे बघितलं. “कॅराव्हॅन घेऊन?”

दोघींनाही हसू आलं नाही. पण यायला फार वेळ लागला नसता. “बरं, मीच मागे घेते,” ब्रॉनविन म्हणाली. “तुम्हाला एवढं शेपूट घेऊन जमायचं नाही.”

नेरिडाला खरं तर जमलं असतं. ती आयुष्यभर हेच करत आली होती. पण ती बोलण्याआधीच लाल गाडी मागे सरकायला लागली. जरा जास्तच वेगात, जरा रागात. पूल संपताच मागचं चाक कडेच्या चरात उतरलं. ब्रॉनविनने जोर लावला, चिखल उडाला आणि गाडी आणखी रुतली.

आता पूल मोकळा होता. रस्ताही मोकळा होता. नेरिडा हळूहळू पुलावरून उतरली, रुतलेल्या गाडीला वळसा घालून वर चढावर आली. समोर डांबरी रस्ता दिसत होता. तिथे दुधाचे टँकर वळतात त्या रुंद जागी तिने गाडी घेतली, क्षणभर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली, मग उतरली. कॅराव्हॅन सोडवली, चाकांखाली दगड लावले, पिकअपमधली साखळी काढली आणि मागे आली.

“मागून ओढते,” ती ब्रॉनविनला म्हणाली. “स्टिअरिंग सरळ धर. आणि काहीही झालं तरी पॅडलवर नाचू नकोस.”

पहिल्या खेपेला साखळी निसटली. दुसऱ्या खेपेला गाडी ‘पच्चक्’ आवाज करत वर आली. तोवर नेरिडा गुडघ्यापर्यंत चिखलात होती आणि ब्रॉनविनचा एक बूट चरातच राहिला होता. तो तिने काठीने उपसून काढला. मग नेरिडाने थर्मास काढला आणि दोघी पिकअपच्या मागच्या फळीवर टेकल्या. ओढ्यावरून वाऱ्याचा झोत आला, वॅटलचा भुगा घेऊन, आणि ब्रॉनविनला एकापाठोपाठ शिंका सुटल्या.

“आईकडून आलंय हे,” ती नाक पुसत म्हणाली. “मला निदान वॅटलनेच होतं. तिला डॅफोडिलनेसुद्धा व्हायचं.”

“कुणाला? आयरीनला?” नेरिडा तिच्याकडे बघत राहिली. “तिचीच ना ती फुलं?”

“सगळे तसंच म्हणतात.” ब्रॉनविनने चहाचा घोट घेतला. “फुलं बाबांनी लावली. आई दर वर्षी या दिवसांत उठून जायची. मावशीकडे, समुद्रावर. हा वारा सुटला की तिला इथे बसवायचं नाही. कधी आठवड्याने यायची, कधी पंधरवड्याने. मी नऊ वर्षांची असताना सबंध वसंत आली नाही. फोनवर म्हणाली, तिकडे बघायला आहे काय, मेंढ्यांच्या ढुंगणांशिवाय? कुठली तरी रोपवाटिका बंद होत होती. बाबांनी पोती भरून कंद आणले आणि लावत सुटले. मी पुढे खड्डे करायचे, ते मागून टाकत यायचे. पुढच्या वर्षी फुलं आली. आई बाहेर उभी राहिली आणि शिंकायला लागली. ती शिंकता शिंकता हसली आणि मग रडली, एवढं मला आठवतं. नंतर म्हणाली, आता मी एकटीने कशाला बघायचं हे, सगळ्यांनाच बोलावू या. तिला माणसं आवडायची.”

“आणि मग जायची थांबली?”

“छे. रविवार झाला की सोमवारी निघायचीच. बाबा बसपर्यंत सोडायला जायचे.” ब्रॉनविनने उरलेला चहा गवतावर ओतला. “हे बघा, मी तुम्हाला राहा म्हणत नाहीये. मला तुमची अजून सवय झालेली नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या फुलांपायी जात असाल, तर उगाच जाताय.”

“मी वाऱ्यापायी जातेय,” नेरिडा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की हेच खरं होतं. फुलांनी निमित्त दिलं होतं.

ब्रॉनविनने खांदे उडवले. “मग त्याची बाबांना सवय आहे.”

तिने गाडी सुरू केली तसा खालून खडखडाट झाला. नेरिडा वाकून बघते, तर धुराचा पाइप जमिनीला टेकलेला. “हळू ने,” ती म्हणाली. “हा मधेच पडायचा. मी मागून येते.”

अशी ती परत गेली. क्लेम अजून फाटकापाशीच होता, पण आता गुडघ्यावर बसून बिजागरीला तेल घालत होता. बिजागरी वाजत नव्हती, हे नेरिडाला पक्कं माहीत होतं. त्याने आधी लेकीची गाडी बघितली, मग दोघींचा चिखल बघितला, मग नेरिडाच्या पिकअपच्या मागे बघितलं.

“कॅराव्हॅन कुठाय?”

“रस्त्यावर.”

“आणू का?”

“राहू दे,” ती म्हणाली. “तार आहे का जाड? हिचा पाइप बांधायचाय.”

रविवारी वारा होताच. तरी सगळं गाव आलं. जीपमधून, ट्रकमधून, दोघं घोड्यांवरून. डॉटने बाकं कुठे लावायची यावर दोन माणसांना झापलं. टेबलक्लॉथच्या कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागले, आणि एक अख्खा क्रीमचा केक उडून कुत्र्याच्या पुढ्यात पडला. त्या कुत्र्याने देवाचे आभार मानले असतील. नेरिडा आत-बाहेर करत होती. तीस माणसांचं जेवण तिच्या हातचा मळ. पण तीस माणसं एकाच वेळी आपल्याकडे बघतायत, याची तिला सवय नव्हती. शेडमध्ये लोक ताटाकडे बघतात. इथे बायका फुलांकडे बघायच्या, मग तिच्याकडे बघायच्या, मग पुन्हा फुलांकडे.

“रस्त्यावर कॅराव्हॅन कुणाची उभी आहे?” कुणीतरी विचारलं.

“माझी,” नेरिडा म्हणाली.

“बिघडली का?”

“नाही. थकली जरा.”

चहाच्या वेळी गावच्या दुकानाचा म्हातारा मालक, मर्व्ह, खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “काही म्हणा, आयरीनने हात लावला की रुजायचं. ती गेली, पण फुलं काही थांबत नाहीत.”

बायकांनी माना हलवल्या. नेरिडा किटली घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. ब्रॉनविनने बापाकडे बघितलं. क्लेम टेबलाच्या टोकाला उभा राहून मटणाचा पॅटिस खात होता. त्याने घास गिळला.

“मी लावली,” तो म्हणाला.

“काय?” डॉटने विचारलं.

“फुलं. मी लावली होती. आयरीनला त्यांच्याने शिंका यायच्या.”

सगळ्यांच्या माना फुलांकडे वळल्या. मग डॉट म्हणाली, “चोवीस वर्षं मी त्या बाईचं कौतुक करतेय. आणि ती रुमाल नाकाला लावून ऐकून घ्यायची. मला वाटायचं, भरून येतंय हिला.” आणि ती अशी हसायला लागली की तिच्या हातातली बशी शेजारणीला धरावी लागली. हळूहळू सगळेच हसले. मर्व्हने विचारलं, “मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?”

“कुणी विचारलं नाही.”

“मी विचारलं होतं,” नेरिडा म्हणाली.

क्लेमचे कान लाल झाले. “तू विचारलंस तेव्हा मेंढी अडली होती.”

माणसं पांगायला चार वाजले. ब्रॉनविन निघाली तेव्हा तिने उरलेला अर्धा केक मागून घेतला आणि ‘तुम्ही’ सोडून म्हणाली, “हा केक आईपेक्षा चांगला करतेस. डॉटला सांगू नकोस मी असं म्हटलं ते.” पाइप तारेने बांधलेलाच होता. गाडी खडखडत पुलापलीकडे जाईपर्यंत नेरिडा आणि क्लेम ओसरीवर उभे होते.

“चाकात हवा का भरलीस?” नेरिडाने विचारलं.

क्लेमने पुलाकडे बघितलं. “तुला जायचं असलं, तर चाक बसलंय म्हणून तू अडू नयेस. आणि राहिलीस, तर तेही चाकापायी राहू नयेस.” तो ओसरीच्या पायरीवर बसला. “आयरीनला मी फुलं लावून दिली. थांबली नाही ती. म्हटलं, या खेपेला काहीच करू नये.”

“काहीच करू नये म्हणजे काहीच बोलू नये, असं नव्हे.”

“हं,” तो म्हणाला. “ते मला वेगवेगळं जमत नाही.”

ती त्याच्या शेजारी बसली. खाली कुरणात एक कोकरू आई चुकल्यासारखं ओरडत होतं आणि आई दोन पावलांवरच होती. नेरिडाच्या टाचा अजून पायरीवर ठेका धरून होत्या. तिने त्या थांबवायचा प्रयत्न केला नाही.

“उत्तरेला, ‘हे’ नावाच्या गावापलीकडे, एका शेडला स्वयंपाकीण हवीय,” ती म्हणाली. “जुन्या ओळखीचा ठेकेदार आहे. तीन आठवड्यांचं काम. मी जाणार आहे, क्लेम. आणि परत येणार आहे. दोन्ही सांगतेय. ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग काहीतरी बोल.”

क्लेमने विचार केला. तो खरोखर विचार करत होता, कपाळावर आठ्या पडल्या होत्या. “मला आवडणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे तू जा. पण मला आवडणार नाही.”

एवढे शब्द त्याच्या तोंडून एका दमात तिने कधी ऐकले नव्हते. ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. या वेळी ती प्यायला विसरली नाही, दोघांनी गरम गरम प्यायला.

मंगळवारी क्लेम तिच्याबरोबर पिकअपमध्ये बसून डांबरी रस्त्यापर्यंत आला. कॅराव्हॅन जोडायला त्याने मदत केली, दांड्याची खीळ दोनदा ओढून बघितली. “पायी जाईन परत,” तो म्हणाला. नेरिडाने वळण घेताना आरशात पाहिलं. तो खिशात हात घालून चालत होता, मधेच थांबून डॉटच्या कुंपणाआतली वासरं बघत होता.

उत्तरेला सपाट मुलूख लागला आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला. हे तिला ठाऊकच होतं. शेड धुळीने भरलेली, चुलीचं झाकण तुटकं, कातरणारे भुकेले आणि तोंडाळ. पहिल्या दिवशी एकाने सूप पाणचट झालं म्हटलं, तेव्हा तिने डाव त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “ये, तू कर.” सगळं जुन्यासारखं होतं. फरक एवढाच, की संध्याकाळी भांडी आवरल्यावर तिला कुणाला तरी पत्त्यांत हरवावंसं वाटायचं. शेडमधल्या पोरांशी ती खेळली, पण पोरं जिंकायला बघायची. मजा आली नाही.

आठवड्याने क्लेमचा फोन आला. त्याने पाऊस सांगितला, मेंढ्या सांगितल्या, डॉटने बाकं परत नेताना एका बाकाचा पाय मोडल्याचं सांगितलं. मग गप्प झाला. नेरिडाला वाटलं लाइन तुटली. पण त्याचा श्वास ऐकू येत होता.

“कधी येतेस?” त्याने विचारलं.

“पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी.”

ती शनिवारी पोचली नाही. पावसाने मेंढ्या भिजल्या, ओली लोकर कातरता येईना, काम लांबलं. ती सोमवारी पोचली, दुपारी, कपड्यांना मेंढीचा आणि कांद्याचा वास घेऊन. क्लेम छपरावर चढून एका पत्र्याला खिळे मारत होता. तिला बघून तो खाली उतरला नाही, वरूनच म्हणाला, “किटली चुलीवर आहे. दोन दिवसांपासून आहे.”

पुढच्या वर्षी वारा सुटला तेव्हा नेरिडाने अजून कपाटाला हातही लावला नव्हता. क्लेम सकाळी बुटाचे बंद बांधता बांधता थांबला आणि वर न बघता म्हणाला, “यंदा कुठल्या बाजूला निघणार?”

“अजून ठरलं नाही,” ती म्हणाली. “रविवार होऊ दे. मग बघू.”